धाग्याच्या वजनाचा खटका

श्रावण अर्धा सरला की सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत संध्याकाळी लेझमाचा सराव सुरू होतो. पहिले काही दिवस सगळ्यांचेच पाय चुकतात. पुढं टाकायचा तो मागं पडतो, कुणाचं लेझीम शेजारच्याच्या कोपराला लागतं, शिकवणारा शिट्टी फुंकून सगळ्यांना थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मी गॅलरीत खुर्ची टाकून बघत बसतो. खालून जाणारे म्हणतात, म्हाताऱ्याला लेझमाचा भारी नाद. नाद कसला डोंबलाचा. लोक लेझीम खेळणाऱ्यांचे हात बघतात, मी पाय बघतो. या दिवसांत मला माणसांचे पायच तेवढे दिसतात, आणि हे आजचं नाही, पन्नास-एक वर्षांचं आहे.

यंदा नेमका त्याच सुमारास पुण्याहून सईचा निरोप आला. सई माझी नात, मुलीची मुलगी. कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवते. तिनं मोबाइलवर पायानं दाबायच्या तीन बटनांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘आजोबा, तुम्ही यातले एक्स्पर्ट ना? यातला कोणता फूटस्विच घेऊ?’ एक जाड, धातूचा, गोल डोक्याचा. एक रबरी, नुसता पाय टेकला तरी चालतो म्हणे. तिसरा रुंद पट्टीचा, दाबून धरला तोवर चालू आणि सोडला की बंद. फोटो बघता बघता टेबलाखाली माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला आणि टाच फरशीवर आपटली. आतून सौभाग्यवतींनी विचारलं, “काय पडलं?” मी म्हटलं, काही नाही. सईला लिहिलं, ‘बघून सांगतो.’ त्याला आज चार दिवस झाले. एरवी मला कुणी काही विचारायची खोटी, मी सल्ला द्यायला एका पायावर तयार असतो.

तेव्हा मी पंचविशीत होतो. नवी पेठेत एका इमारतीच्या जिन्याखाली माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून गिऱ्हाईक बाहेर आणि मी आत बसलेला. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. लोक पुन्हा गाणी ऐकायला लागलेत असं मी ठरवूनच टाकलं होतं, कारण बंद पडलेले रेडिओ पुन्हा दुकानात यायला लागले होते. गणपतीपासून कोजागिरीपर्यंत ऑर्केस्ट्राचा हंगाम असायचा. भाद्रपदातला तो चिकट उकाडा, जिन्याखाली कोंडलेला राळेचा धूर, वायरींना कथलाचे डाग देताना बोटांना बसणारे चटके आणि दुपारी मिलचा भोंगा झाला की रस्त्यावरून लोटणाऱ्या सायकली. आजही कुठं डाग द्यायचा वास आला की मला गणपतीच आठवतात, मोदक आठवत नाहीत.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांत त्या काळात एक नवीच गिटार वाजायला लागली होती. साधी गिटार गोड वाजते. ही खरखरायची, चिरकायची, मध्येच लांबलचक ओरडायची. आम्ही तिला फाटकी गिटार म्हणायचो. ऑर्केस्ट्राला आलेले लोक मधल्या तुकड्यासाठी कान टवकारून बसायचे आणि तिथं साधी गिटार वाजली की मागून हुर्यो व्हायची. मी दोन मोडक्या ट्रान्झिस्टर रेडिओंची आतडी काढून ती साबणाच्या पत्र्याच्या डबीत बसवली. गिटारची वायर डबीत, डबीतून ॲम्प्लिफायरला. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा समोरच्या पानवाल्यानं हातातलं पान खाली टाकलं. व्यंकू मात्र पाच मिनिटं नुसता हसत होता. “शिवू, फाटली की रे खरंच,” म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला.

व्यंकू म्हणजे व्यंकटेश, आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीचा गिटारवाला आणि माझा शाळेपासूनचा मित्र. शहराच्या पूर्व भागात त्यांचं घर होतं, घरातच वडिलांचे चार माग. दारात पाऊल टाकलं की सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास यायचा आणि मागांच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्या घरात कन्नड, आम्हा दोघांत मराठी. कलकत्त्याहून मागवलेली ती लाल इलेक्ट्रिक गिटार त्यानं आईच्या विड्यांच्या मजुरीतून आणि स्वतःच्या दोन वर्षांच्या कमाईतून घेतली होती. इतकं स्वच्छ वाजवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. मित्र होता म्हणून सांगत नाही.

लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय गेला होता. चालताना तो डावा हात डाव्या मांडीवर गच्च दाबून धरायचा. हात काढला की गुडघा दुमडायचा. आता गिटार म्हटली की दोन्ही हात गुंतले. म्हणून कार्यक्रमाला तो पडदा उघडायच्या बऱ्याच आधी येऊन जागा धरायचा. एक खांब निवडायचा, त्याला पाठ टेकवायचा, सगळा भार उजव्या पायावर घ्यायचा आणि डावा नुसता जमिनीला लावून ठेवायचा. पडदा उघडायचा तेव्हा लोकांना दिसायचा तो लाल गिटार घेऊन ऐटीत रेलून उभा राहिलेला रुबाबदार तरुण. पडदा पडेपर्यंत तो तसाच उभा असायचा. तीन वर्षांत प्रेक्षकांतल्या एकानंही त्याला चालताना पाहिलेलं नव्हतं.

आम्ही पार्टीतल्या कुणीही त्याच्या पायाचं कधी नाव काढायचो नाही. जिना आला की सहज बोलल्यासारखं दाखवत थांबायचो, तो वर आला की पुढं चालायचो. आपण किती समंजस, याचा आम्हाला मनातून अभिमान होता. मला तर जरा जास्तच. त्याचा पाय माझ्या लक्षातसुद्धा राहत नाही, असं मी एकदा मोठ्या फुशारकीनं माझ्या आईला, अव्वाला, सांगितलं होतं. अव्वा भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा थापायला लागली.

तर ती डबी. तिच्यात एक अडचण होती. मधला तुकडा संपून गायिकेनं मुखडा धरला की डबी बंद व्हायला हवी, नाहीतर तिच्या गोड आवाजामागं गिटार गुरगुरत राहते. व्यंकूचे दोन्ही हात तारांवर. मग मी ॲम्प्लिफायरच्या मागं उकिडवा बसायचो आणि भिंतीवरच्या दिव्याला असतं तसलं साधं बटन हातानं दाबायचो. माझी बोटं डाग द्यायला चांगली, तालाला नव्हेत. निम्म्या वेळा मला उशीर व्हायचा. व्यंकू हसून सोडून द्यायचा. पार्टीचे चालक सोडणारे नव्हते. त्यांना सगळे मालक म्हणायचे. आमच्या सोलापुरात रस्त्यावरच्या कुणालाही मालक म्हणतात, पण हे खरोखरच मालक होते.

“शिवू,” त्यांनी मला गणपतीच्या आधी महिनाभर बोलावून घेतलं. व्यंकू दाराबाहेरच उभा होता. “बाई मुखडा धरती आन् तुजं यंतर आजून गुरगुरतंयच की. मुंबईत गिटारवाला सवता पायानं दाबतोय, म्या बगून आलोय. पाचव्या दिवशीचा कारेक्रम लई मोटा हाय. तवर पायाचं बटन करून दे. पुन्याचा एक जन यायला बसलाय, त्याच्याकडं इलायती पेडल हाय. त्यो उबा ऱ्हाईल पुडं. मग आपला व्यंकू मागं खुर्चीवर बसून साथ करंल. म्या काय त्याला काडून टाकनार न्हाय.”

मालक वाईट माणूस नव्हता. खुर्ची देताना आपण उपकार करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं.

व्यंकूला सायकलवर मागं बसवून मी घरी सोडायला निघालो. वाटेत तो माझ्या पाठीमागून म्हणाला, “शिवू, खुर्चीवर मी न्हाय बसनार. उभा हाय तोवर मी गिटारवाला. चाललो की लंगडा, बसलो की बिचारा. तेवडं बटनाचं नीट बग.”

इतक्या वर्षांत तो शब्द त्यानं पहिल्यांदाच माझ्यासमोर उच्चारला होता. त्याच वेळी मागं वळून मला विचारता आलं असतं, बाबा, तुझ्या कुठल्या पायाला किती जोर आहे, ते सांग. मी गडबडलो. आणि घाईघाईनं नव्या सिनेमाची गोष्ट काढली. तोही मग सिनेमाबद्दल बोलायला लागला.

बटनाच्या शोधात मी तीन आठवडे अक्षरशः झपाटलो होतो. घरातलं साधं बटन लाकडी फळीवर बसवलं, ते दुसऱ्याच दणक्याला फुटलं. शेजारच्या शिंप्याच्या शिलाई मशिनच्या मोटारीचं पेडल मागून आणलं; ते जितकं दाबावं तितकी मोटार पळवणारं, आपल्याला हवं ते चालू-बंद त्याला ठाऊकच नाही. मग दारावरच्या घंटीचं बटन. व्यंकू दुकानाबाहेर स्टुलावर बसला होता. मी ते खाली ठेवलं, त्यानं हातानं डावा पाय उचलून अलगद त्यावर ठेवला. डबी चालू झाली.

“ह्यो बरा हाय की,” तो म्हणाला. “हलका हाय.”

“सोड की. कॉलबेल घिऊन स्टेजवर जानार व्हय?” मी म्हटलं. “पाय काडला की बंद. दाबूनच धरावं लागतंय. असलं कुटं असतंय व्हय?”

“बरं,” व्यंकू म्हणाला आणि पाय उचलून खाली ठेवला. हातानंच.

शेवटी कुणीतरी सांगितलं, ट्रकच्या हेडलाइटचा झोत खालीवर करायला ड्रायव्हरच्या पायापाशी एक बटन असतं, डिपरचं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मला स्वर्ग दोन बोटं उरला. एस.टी. पकडून तडक टेंभुर्णीला गेलो. हमरस्त्यावरच्या त्या फाट्यावर ट्रक थांबायचे, गॅरेजांची रांगच होती. डिझेलचा वास, तापलेली माती, जुन्या बॅटऱ्यांचे ढीग. तिथल्या वायरिंगवाल्या मामूनं पेटीतून तीन डिपर काढून माझ्यासमोर मांडले.

“ये लेव,” त्यातला सगळ्यांत जाड उचलून तो म्हणाला. “हाथी पाँव रखा तो बी नै टूटता.” मग तो कुठल्या गाडीला लावायचा ते त्यानं विचारलं. मी गिटारचं सांगितलं. त्यानं मान हलवली, त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. “दबानेवाला कौन है?”

“माझा दोस्त.”

“पाँव में क्या रहता उसके?”

मी म्हटलं, “चप्पल.”

त्याच्या मनात साधं एवढंच होतं की बूट घालणाऱ्याला एक डिपर बरा आणि अनवाणी माणसाला दुसरा. पण पायाबद्दल कुणीतरी सरळ विचारलं होतं आणि मी चपलेबद्दल सांगून मोकळा झालो. तिन्ही डिपर मी तिथंच जमिनीवर ठेवून दाबून बघितले. माझ्या धडधाकट पायानं, भार टाकून, खटाखट. सगळ्यांत कडक होता तो घेतला. कडक म्हणजे पक्का, असा माझा हिशेब. परतीच्या एस.टी.त ते बटन मांडीवर ठेवून मी खिडकीतून बाहेर उसाची शेतं बघत होतो आणि दर दहा मिनिटांनी त्याला हात लावून बघत होतो. इतका आनंद मला नंतर स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नाही, हे सौभाग्यवतींना माहीत आहे.

सागवानी खोक्यात बटन बसवलं, वर पॉलिश मारलं आणि व्यंकूच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं ते दाबलं नाही. नुसता बघत राहिला. मग खाली वाकून बोटानं दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही, अंगठा लावला तेव्हा कुठं ते आत गेलं.

“मजबूत हाय की,” तो म्हणाला.

“हत्तीनं पाय दिला तरी तुटत न्हाय,” मी म्हटलं.

“घरी नेतो. सवय करतो.”

आता विचार केला की ते सगळं इतकं सोपं दिसतं की स्वतःचा राग येतो. उजव्या पायानं बटन दाबायचं तर शरीराचा भार क्षणभर डाव्यावर जाणार, आणि मांडीवर हात नसताना डावा गुडघा एक क्षणही धरत नव्हता. डाव्यानं दाबायचं तर त्यात बटन हलण्याइतका जोरच नव्हता. माझ्या बटनाला एकच गोष्ट हवी होती आणि नेमकी तीच त्याच्याकडे नव्हती. हे कळायला काही रेडिओ उघडावा लागत नाही. रोज डोळ्यांसमोर चालणारा माणूस बघावा लागतो.

चार-पाच दिवसांनी दुकानाबाहेर त्याची आई उभी. डोक्यावर विड्यांची पाटी, कारखान्यात माल द्यायला निघालेली. मी त्यांना अम्मा म्हणायचो. त्यांचं मराठी मोजकं होतं.

“शिवू, तेल हाय का बाबा, मिशनचं?” त्या म्हणाल्या. “त्या बटनाला घालते. लई कडक हाय. जरा मऊ व्हील.”

मला हसू आलं. “अम्मा, आत स्प्रिंग हाय. तेलानं काय मऊ व्हत न्हाय. कडक हाय म्हनून तर टिकनार. सरावानं जमंल त्याला.”

“सराव करतोय की. दिसभर करतोय,” त्या म्हणाल्या आणि तरीही हात पुढं करून उभ्या राहिल्या. मी छोट्या बाटलीत तेल दिलं. त्यांनी ती पदराच्या टोकात बांधली आणि गेल्या. त्या गेल्यावर ही गंमत मी पानवाल्याला सांगितली. तोही हसला.

गणपतीच्या पाचव्या दिवशी कार्यक्रम होता. दुपारी सर येऊन गेल्यामुळं मंडपाचं कापड जड होऊन खाली आलं होतं, आत उदबत्त्या आणि ओल्या तागाचा वास कोंडला होता. दिवेलागणीलाच मंडप भरला. मला त्या दिवशी पहिल्यांदाच ॲम्प्लिफायरच्या मागं बसायचं नव्हतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसलो. सुरुवातीलाच निवेदकानं माइकवरून माझं नाव घेतलं, सोलापुरातच बनवलेलं यंत्र वगैरे सांगितलं, आणि मी अर्धवट उठून हात जोडले.

पडदा उघडला. व्यंकू खांबाला टेकून उभा. पांढरा शर्ट, लाल गिटार, उजव्या पायापाशी माझं सागवानी खोकं. सगळे ज्याची वाट बघत होते ते गाणं तिसरं होतं. कडवं संपलं, मधला तुकडा आला, आणि त्याची उजवी टाच वर जाऊन इतक्या वेगानं खाली आली की मला ती नीट दिसलीसुद्धा नाही. खट्. गिटार फाटली. मंडपात शिट्ट्या झाल्या. त्यानं तो तुकडा असा काही वाजवला की शेजारच्या अनोळखी माणसानं माझी मांडी थोपटली. मी इतका फुगलो होतो की खुर्चीत मावत नव्हतो.

मग बंद करायची वेळ आली. गायिकेनं श्वास घेतला. व्यंकूचा उजवा पाय उचलला गेला, आणि या खेपेला पाठ खांबावरून सरकली. डावा गुडघा दुमडला. तो आधी बाजूला झुकला आणि मग गिटारसकट खाली आला. बटन चालूच होतं. गिटार ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी पडलेली, आणि तिच्यातून जो आवाज सुरू झाला तो थांबेना, वाढतच गेला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर हात घेतले. मागच्या काही लोकांना वाटलं, हे गाण्यातलंच काहीतरी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आवाज थांबला. आम्ही दोघा-तिघांनी व्यंकूला धरून उठवलं. उभा राहिल्यावर त्यानं आमचे हात एकेक करून बाजूला केले, गिटार गळ्यातून काढून खांबाला टेकवून ठेवली, डावा हात मांडीवर दाबला आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. पडदा ओढणाऱ्याला काही सुचलंच नाही. भरलेला मंडप ते बघत होता. कुणी हसलं नाही, आणि ते हसले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

विसर्जनाच्या आधीच पुण्याचा माणूस आला. मालकांनी व्यंकूला खुर्चीसाठी दोनदा निरोप पाठवला, तो गेला नाही. अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस गेल्यावर मी त्याच्या घरी जायचं धाडस केलं. तो सुताच्या फणीपाशी बसून तुटलेले धागे जोडत होता. मी शेजारी बसलो. एस.टी.त, दुकानात, अंथरुणात मी जे काही बोलायचं ठरवलं होतं त्यातलं तोंडातून एवढंच बाहेर पडलं, “बटन जरा कडकच व्हतं.”

“व्हय,” तो म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं फणीच्या मागून एक लहानशी फळी काढली. तिच्यावर पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या, एकीवर दुसरी, मध्ये कागदाइतकी फट. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, भरायच्या यंत्रावर प्रत्येक धाग्याला अशी एक पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी पडते, खालच्या पट्टीला टेकते आणि यंत्र थांबतं. एका धाग्यानं तोलून धरलेली पट्टी, तिचं वजन ते काय असणार? व्यंकूनं अशाच दोन पट्ट्यांचा खटका केला होता.

“बोट लाव,” तो म्हणाला.

मी बोट टेकवलं न टेकवलं तोच फळीला जोडलेला बॅटरीचा दिवा लागला.

“कदी केलास ह्यो?”

“तू टेंबुर्नीस्नं आलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी.”

“मग दाकवला का न्हाईस?”

तो धागा जोडत होता. गाठ मारून झाली, उरलेलं टोक त्यानं दातानं तोडलं. “तू लई खूश हुतास की,” म्हणाला.

मी त्याच्या पायाबद्दल बोलत नव्हतो, तो माझ्या बटनाबद्दल बोलला नाही. दोघंही एकमेकांना जपत होतो. मला वाटतं, इतक्या समजूतदारपणापेक्षा आम्ही एकदा कडाडून भांडलो असतो तर तो स्टेजवर राहिला असता.

दुसऱ्या दिवशी तो खटका मी डबीला जोडून नेला. व्यंकू मागाला पाठ टेकून उभा राहिला. डावा पाय त्याला उचलता येत नसे, पण कमरेतून थोडा सरकवता येई. त्यानं तो सरकवून पट्टीवर आणला, गिटार फाटली. बाजूला सरकवला, स्वच्छ झाली. ठोक्याला ठोका. वडिलांनी माग थांबवले. अम्मांच्या सुपातली विडी अर्धी वळलेली तशीच राहिली. पूर्ण तुकडा त्यानं वाजवला, एकदाही न चुकता, आणि त्या घरात पहिल्यांदाच मला मागांच्या आवाजाशिवाय काहीतरी ऐकू आलं.

“चालतंय की,” तो म्हणाला आणि गिटार उतरवली.

“मालकाला सांगू?”

“नको,” व्यंकू म्हणाला. “आता सगळ्यांनी चालताना बगितलंय.”

पुन्हा तो स्टेजवर गेला नाही. सुताच्या धंद्यात पडला, लग्न झालं, मुलं झाली, दोन्ही मुलं शिकली. गिटार कुणाला तरी देऊन टाकली, कुणाला ते मी विचारलं नाही. अजून भेटतो. आता हातात काठी असते. रस्त्यात दिसला की तोच आधी हाक मारतो, माझ्या साखरेची चौकशी करतो, गोड कमी खा म्हणतो. त्याच्या बोलण्यात कुठं किल्मिष नाही. तो रागावला असता तर मला निदान माफी मागायला जागा मिळाली असती.

आज शेवटी सईला फोन केला. तिला सांगितलं, दुकानात जा, चप्पल काढ, तिन्ही बटनं जमिनीवर ठेवून स्वतःच्या पायानं दाबून बघ. दुसऱ्या कुणाचं ऐकू नको. माझंही नको. “एवढंच?” ती म्हणाली. मग मी तिला हे सगळं सांगितलं. घंटीचं बटन, टेंभुर्णी, तेलाची बाटली, सगळं. शेवटी तिनं विचारलं, “आजोबा, ते पडले तेव्हा तो आवाज कसा थांबला?”

“थांबला,” मी म्हटलं, आणि जेवायची वेळ झाली असं सांगून फोन ठेवला. खाली लेझीमवाले आता बरेच सुधारलेत, पाय एकत्र पडतात.

तो आवाज मी थांबवला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी खुर्चीवरून उडी मारून स्टेजवर चढलो तेव्हा व्यंकू माझ्या पुढ्यात पडला होता, डावा पाय अंगाखाली दुमडलेला. दोन पावलांवर माझं यंत्र ओरडत होतं आणि थोड्याच वेळापूर्वी माइकवरून माझं नाव घेतलं होतं. मी आधी बटनाकडे गेलो. मग त्याच्यासाठी खाली वाकलो. मध्ये फार वेळ गेला नसेल, एखादा श्वास. पण बटन त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. त्याचे डोळे उघडे होते आणि तो माझ्या पायाकडे बघत होता. मी भार टाकून पाय दिला. एका दाबात बंद झालं.